माशांच्या जननग्रंथींतील विकृती

म्हैसूर हे समुद्राचे गाव नव्हे. तेथील बाजारात दिसणारा बांगडा मंगळुराच्या बाजूने, बर्फाच्या पेट्यांतून, घाट चढून सुमारे अडीचशे किलोमीटरांचा प्रवास करून आलेला असतो. विकणारा कोयत्याने माशाचे पोट फाडतो, आतील सर्व भाग बोटाने ओढून बादलीत टाकतो आणि स्वच्छ केलेला मासा गिऱ्हाइकाच्या हाती ठेवतो. गाभोळी निघाली तर ती तेवढी मागून घेण्यात येते; बाकीच्या ऐवजाकडे कोणी पाहत नाही. परंतु ज्या विषयाचा येथे विचार करावयाचा आहे, त्याचा पुरावा नेमका त्या बादलीत असतो.

बांगड्याचा नर कोणता व मादी कोणती, हे बाहेरून ओळखता येत नाही. त्यासाठी पोट उघडावे लागते. पाठीच्या कण्याखाली, आतड्याच्या वरच्या अंगास, दोन लांबट पाळी दिसतात, ह्याच जननग्रंथी. मादीत त्यांस अंडाशय म्हणतात. ते पिकत आले की फिकट गुलाबी किंवा पिवळसर होतात व त्यांतील कण डोळ्यांना दिसू लागतात. नरात त्यांस वृषण म्हणतात. ती चपटी, गुळगुळीत व दुधाळ पांढरी असतात. मत्स्यशास्त्रज्ञ बंदरावर बसून शेकडो माशांची लांबी, वजन, लिंग व ग्रंथींची पक्वावस्था नोंदवीत असतो. हे काम कंटाळवाणे खरे. पण मासा कोणत्या महिन्यात अंडी घालतो, किती लांबीचा झाल्यावर प्रजननक्षम होतो, हे कळण्याचा दुसरा मार्ग नाही. अशा नोंदी करीत असता क्वचित एखादा मासा असा निघतो की, त्याच्या एकाच ग्रंथीत काही भाग अंडाशयाचा व काही भाग वृषणाचा असतो. तो नराच्या रकान्यात घालावा की मादीच्या?

असे मासे आपल्या किनाऱ्यावर सापडले आहेत, आणि त्यांच्या नोंदी जुन्या आहेत. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली, तेव्हा मुंबई राज्यातील उत्तर कानडा व मद्रास राज्यातील दक्षिण कानडा हे जिल्हे म्हैसूर राज्यास जोडले गेले आणि तोवर समुद्र नसलेल्या त्या राज्यास कारवारपासून मंगळुरापर्यंतचा किनारा लाभला. १९७३ साली राज्याचे नाव कर्नाटक होईपर्यंत मत्स्यशास्त्रीय लिखाणात ह्या पट्ट्याला म्हैसूर किनारा असेच म्हणत. बांगडा व तारली ही ह्या पट्ट्याची खरी संपत्ती. केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेची स्थापना १९४७ सालची. तिच्या कार्यकर्त्यांनी आरंभापासून ह्या दोन माशांकडे लक्ष पुरविले. १९५६ साली एल. बी. प्रधान यांचा कारवारच्या बांगड्यावरील सविस्तर निबंध प्रसिद्ध झाला. १९५९ साली एम. एस. प्रभू व बी. टी. अँटनी राजा यांनी बांगड्यातील उभयलिंगतेचे एक उदाहरण प्रसिद्ध केले, आणि १९६३ साली अँटनी राजा यांनीच तारलीतील तसेच एक उदाहरण नोंदविले. ही टिपणे अगदी लहान आहेत. एक मासा, त्याचे वर्णन, आणि बस्स. हजारो मासे तपासावेत तेव्हा एखादा असा मिळावा, इतकी ही गोष्ट विरळ होती. म्हणूनच ती छापण्यासारखी वाटली.

त्याच १९५९ साली पी. डी. नायक यांनी रावसाच्या कुळातील पॉलिनेमस हेप्टाडॅक्टिलस ह्या माशातील उभयलिंगता नोंदविली. वरवर पाहता ही तिन्ही टिपणे एकाच प्रकारची वाटतात. प्रत्यक्षात बांगड्याची व तारलीची गोष्ट एक आहे, आणि रावसाच्या कुळाची गोष्ट अगदी वेगळी आहे. हा भेद न ओळखता जो कोणी मिश्र ग्रंथीचा मासा हाती घेऊन निष्कर्ष काढील, तो हमखास फसेल. एक तर निरोगी माशास तो विकृत ठरवील व मासळीविषयी नसती भीती पसरवील. नाही तर खरोखर विषबाधा झालेल्या खाडीकडे निसर्गाचा चमत्कार म्हणून दुर्लक्ष करील. दोन्ही चुकांचे मोल कोळ्यांनाच द्यावे लागते.

प्रथम हे पाहिले पाहिजे की, माशांत असे मुळात घडू कसे शकते. माशाच्या पिल्लात जननग्रंथी प्रथम निर्माण होते तेव्हा ती ना नराची असते, ना मादीची. तिच्यातील बीजपेशींस अंडपेशी होण्याचे व शुक्रपेशी होण्याचे, दोन्ही मार्ग मोकळे असतात. त्यांनी कोणता मार्ग धरावा, हे सभोवतीच्या आधारपेशी व त्यांतून पाझरणारी संप्रेरके ठरवितात. माशांच्या शरीरात अरोमॅटेज नावाचे एक विकर असते. ते नरसंप्रेरकाचे रूपांतर स्त्रीसंप्रेरकात करते. ते जोमाने काम करू लागले की ग्रंथी अंडाशयाकडे झुकते. ते मंद पडले की वृषणाकडे. सस्तन प्राण्यांत हा निर्णय गर्भावस्थेतच होतो व जवळजवळ कायमचा असतो. माशांत मात्र तो तितका पक्का नसतो. पुष्कळ जातींत पाण्याचे तापमानदेखील त्यात ढवळाढवळ करू शकते, आणि काही जातींत तर प्रौढपणी सबंध निर्णय फिरविला जातो.

हा निर्णय फिरविणे ज्यांच्या जीवनक्रमाचाच भाग आहे, असे मासे थोडेथोडके नाहीत. माशांच्या ज्ञात जातींपैकी सुमारे दोन टक्के जाती अशा आहेत. ही माहिती अगदी नवीन आहे असेही नाही. काही मासे केवळ मादीरूपातच सापडतात व सगळ्यांत अंडी असतात, असे ॲरिस्टॉटलने लिहून ठेविले होते. मराठी वाचकास ह्याची उदाहरणे शोधण्यास दूर जावयास नको. रावस हा आधी नर असतो व मोठा झाल्यावर मादी होतो. रायगड जिल्ह्यात, अलिबाग-पेणच्या बाजूस, पाहुण्यांसाठी राखून ठेवावा असा मानाचा मासा जो जिताडा, त्याचेही तसेच. पापुआ न्यू गिनी व उत्तर ऑस्ट्रेलिया येथे १९७० नंतरच्या दशकात जिताड्याचा बारकाईने अभ्यास झाला, तेव्हा असे दिसले की, तो साधारण तिसऱ्या-चौथ्या वर्षी नर म्हणून पक्व होतो व सहाव्या ते आठव्या वर्षाच्या सुमारास मादी बनतो. मीटरभराहून लांब जिताडा जवळजवळ नेहमी मादीच असते. हेकरूच्या कुळात क्रम बहुधा उलटा: आधी मादी, मग नर.

आता हे परिवर्तन एका रात्रीत होत नाही. वृषणाच्या पेशी झिजत जातात व त्यांच्या जागी अंडपेशी उमलू लागतात, ह्याला काही आठवडे वा महिने लागतात. त्या अवधीत जो जिताडा पकडला जाईल, त्याची ग्रंथी अर्धी नराची व अर्धी मादीची दिसणार, हे उघड आहे. ती विकृती नव्हे. तो मासा वयात येण्याचा दुसरा टप्पा ओलांडीत आहे, इतकेच. पॉलिनेमस हेप्टाडॅक्टिलसची उभयलिंगता १९६७ साली पी. व्ही. कागवाडे यांनी पुन्हा अभ्यासिली. ज्या कुळात लिंगपरिवर्तन हा नेम आहे, त्या कुळात असा मासा मिळणे हे अपवादाचे लक्षण नसून नेमाचे लक्षण होय.

ह्या नैसर्गिक क्रमाचा एक व्यावहारिक परिणाम आहे, व त्याकडे सहसा लक्ष जात नाही. लहान मासळी धरू नये, मोठी तेवढी धरावी, असे जे म्हटले जाते ते बांगड्यापुरते योग्य आहे. जिताडा व रावस यांच्या बाबतीत मात्र मोठी तेवढी धरणे म्हणजे माद्या तेवढ्या धरणे होय. खाडीत शेवटी नरच उरतील आणि गाभोळीचा पत्ता राहणार नाही. हेकरूत उलट नर संपतील.

बांगडा व तारली ह्यांचे तसे नाही. त्यांच्यात जन्मभर नर तो नर व मादी ती मादी. त्यांच्यात मिश्र ग्रंथी आढळली तर ती वाढीच्या आरंभी झालेली चूक समजावयाची. ग्रंथीच्या एखाद्या तुकड्यातील पेशींनी शेजाऱ्यांचा मार्ग सोडून दुसरा धरला, असा तिचा अर्थ. युरोपात कॉड, हेरिंग व तेथला मॅकरेल ह्यांत अशी उदाहरणे एकोणिसाव्या शतकातच नोंदली गेली होती. तेव्हा अशा सुट्या उदाहरणांसाठी कारखान्यांना वा औषधांना जबाबदार धरण्याचे कारण नाही. जननग्रंथीत दिसणारी इतर काही वैगुण्येही अशीच निरुपद्रवी किंवा निदान नैसर्गिक असतात. एक पाळ दुसरीहून आखूड असणे हे अनेक जातींत नेहमीचे आहे. मुशींच्या कित्येक जातींत तर एकच, बहुधा उजवे, अंडाशय कार्य करते. कधी अंडाशय फुगलेले व तांबूस दिसते आणि चिरल्यावर आत लांबलचक लाल कृमी वेटोळे घालून बसलेले आढळतात. हे फिलोमेट्रा नावाचे सूत्रकृमी असून भारतीय किनाऱ्यावरील माशांतही ते सापडले आहेत. माशाच्या अंड्यांचा ते नाश करतात. परंतु तो परोपजीवींचा प्रश्न आहे, लिंगाचा नव्हे.

मग खरोखर भिण्यासारखे काय आहे? ह्याचे उत्तर देणारे सर्वांत स्पष्ट उदाहरण माशाचे नसून गोगलगाईचे आहे, आणि ते कारवारच्या अगदी शेजारी, गोव्यात घडले आहे. मार्मागोवा बंदराच्या खडकांवर क्रोनिया कोंकणेन्सिस नावाची एक लहान शंखधारी गोगलगाय राहते. कोकणाचे नाव तिच्या शास्त्रीय नावातच आहे. दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील विश्वकिरण व अनिल यांनी १९९९ साली प्रसिद्ध केले की, ह्या जातीच्या माद्यांच्या अंगावर नराचे जननेंद्रिय उगवलेले आढळते. हा प्रकार अगोदर इंग्लंडमधील प्लिमथच्या किनाऱ्यावर १९७० साली दिसला होता, व १९७१ साली अमेरिकेतील एका संशोधकाने त्याला 'इम्पोसेक्स', म्हणजे एका लिंगावर दुसरे लादले जाणे, असे नाव दिले होते.

कारण सापडण्यास पंधराएक वर्षे लागली. जहाजांच्या बुडास शिंपले व शेवाळ चिकटू नये म्हणून १९६० नंतर जे रंग प्रचारात आले, त्यांत ट्रायब्यूटिलटिन नावाचे कथिलाचे एक संयुग मिसळलेले असे. शेवाळास मारणारे हे द्रव्य रंगातून हळूहळू पाण्यात झिरपते. ते इतक्या अल्प प्रमाणात परिणाम करते की, सामान्य माणसास त्याची कल्पना करणेही कठीण: एक लिटर पाण्यात एका ग्रॅमचा एक अब्जांश भाग एवढे असले तरी काही जातींच्या गोगलगाईंत इम्पोसेक्स सुरू होतो. ह्याहून थोडेसे वाढले की नरांग वाढून मादीचा अंडी बाहेर पडण्याचा मार्गच बुजतो. अंडी आत अडकतात व ती मरते. इंग्लंडच्या कित्येक बंदरांतून अशा रीतीने ह्या जाती नाहीशा झाल्या. ही गोगलगाय मोठे अंतर चालत नाही, पिल्ले दूरवर तरंगत जात नाहीत. म्हणून एकदा खडक रिकामा झाला की तो वर्षानुवर्षे रिकामाच राहतो.

येथे पहिल्या नोंदींशी असलेला फरक ध्यानात घेण्याजोगा आहे. १९५९ चा बांगडा एकटा होता. प्लिमथच्या व मार्मागोव्याच्या गोगलगाई एकट्या नव्हत्या. बंदराजवळ, जेथे जहाजे नांगरून असतात तेथे, विकृती दाट. आणि तेथून दूर जावे तसतशी ती विरळ. निसर्गाच्या चुका अशा नकाशावर रेषा आखून होत नाहीत.

माशांची उदाहरणेही आता उपलब्ध आहेत. इंग्लंडमधील नद्यांत राहणाऱ्या रोच ह्या माशाच्या नरांत अंडपेशी मोठ्या प्रमाणात आढळतात, हे १९९८ साली सिद्ध झाले. जेथे शहरांचे सांडपाणी शुद्धीकरणानंतर नदीत सोडले जाते, तेथे हे अधिक. समुद्राकडे वळले तर मर्सी व टाइन नद्यांच्या मुखाशी फ्लाउंडर ह्या चपट्या माशाच्या नरांत हीच लक्षणे मिळाली, आणि जपानात टोकियोच्या उपसागरातील एका चपट्या माशातही. जपानमधील दुसऱ्या एका प्रयोगात तर ट्रायब्यूटिलटिनमिश्रित अन्न खाल्लेली चपट्या माशाची पिल्ले, गुणसूत्रांनी मादी असूनही, नर झाली. म्हणजे सांडपाण्यातील द्रव्ये नराला मादीकडे ओढतात, तर जहाजांचा रंग मादीला नराकडे ढकलतो. दोहोंचे मर्म एकच की, संप्रेरकांच्या नाजूक तराजूत बाहेरून वजन पडते.

सांडपाण्यातील हे वजन कोणते? मनुष्याच्या मूत्रातून जाणारी नैसर्गिक स्त्रीसंप्रेरके, संततिनियमनाच्या गोळ्यांतील कृत्रिम स्त्रीसंप्रेरक, आणि साबणसदृश काही रसायनांचे अवशेष, ही प्रमुख होत. त्यांची चाचणी घेण्याची एक सुंदर युक्ती आहे. अंड्यातील बलकाचे प्रथिन, व्हायटेलोजेनिन, मादीच्या यकृतात तयार होते व रक्तावाटे अंडाशयात जाते. ते तयार करण्याची कला नराच्या यकृतातही असते, मात्र स्त्रीसंप्रेरकाचा हुकूम आल्याखेरीज ती वापरली जात नाही. तेव्हा नराच्या रक्तात बलकाचे प्रथिन मिळाले तर त्या पाण्यात स्त्रीसंप्रेरकासारखे काही तरी आहे, असा अर्थ निघतो. मासा मारून ग्रंथी कापण्याचीही गरज नाही. रक्ताचा थेंब पुरतो.

ह्यावर एखादा म्हणेल, नराच्या पोटात चार अंडपेशी दिसल्या म्हणून मासेमारीचे काय नुकसान होते? आक्षेप रास्त आहे, व पुष्कळ ठिकाणी अशा नरांची पिढी पुढे चालूही असते. तथापि कॅनडात ह्या प्रश्नाचा निर्णय एका धाडसी प्रयोगाने लावण्यात आला. शास्त्रीय प्रयोगांसाठीच राखून ठेवलेल्या एका सरोवरात २००१ ते २००३ ह्या तीन उन्हाळ्यांत गोळ्यांतील कृत्रिम संप्रेरक सोडण्यात आले; प्रमाण, लिटरमागे एका ग्रॅमचे पाचसहा अब्जांश. तेथील फॅटहेड मिनो ह्या लहान माशाच्या नरांत प्रथम बलकाचे प्रथिन वाढले, मग वृषणांची वाढ खुंटली, मग काहींत अंडपेशी दिसू लागल्या, आणि थोड्याच काळात नवी पिल्ले येणे थांबून हा मासा सरोवरातून जवळजवळ नाहीसा झाला. थोडे आयुष्य असलेल्या लहान माशावर घाव लवकर बसतो. तारलीही थोड्या वर्षांचीच सोबती आहे. अर्थात उघड्या समुद्रात पाण्याचा साठा अफाट असल्याने असे प्रमाण साठणे कठीण. धोका आहे तो खाड्या, नदीमुखे व बंदरे ह्यांना, आणि पिल्ले वाढतात ती तेथेच.

खाणाऱ्याच्या मनातील शंकेचे उत्तर थोडक्यात देता येईल. मिश्र ग्रंथी असलेला मासा तेवढ्यामुळे खाण्यास अपायकारक होत नाही. पाणी दूषित असेल तर ते वेगळे. मग ग्रंथी मिश्र असो वा नसो, तो मासा दूषितच.

एकंदरीत, असा मासा हाती आल्यावर काही प्रश्न क्रमाने विचारावे लागतात. ही जात मुळातच लिंग बदलणारी आहे काय? मासा लिंग बदलण्याच्या लांबीचा आहे काय? हजारात एक असे आढळते की शंभरात वीस? सर्वत्र आढळते की बंदराच्या किंवा गटाराच्या मुखाशी? नर-माद्यांचे प्रमाण पूर्वीपेक्षा ढळले आहे काय? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर पूर्वीच्या नोंदी असतील तरच देता येते, आणि १९५९ व १९६३ च्या त्या लहानशा टिपणांचे खरे मोल तेथे कळते. ट्रायब्यूटिलटिनचे रंग सार्वत्रिक होण्यापूर्वीच्या काळातील बांगडा व तारली कशी होती, ह्याची ती साक्ष आहे. लेखकांनी ती एक नवल म्हणून नोंदविली. आज ती मोजपट्टी झाली आहे.

जहाजांच्या रंगाचे प्रकरण पुढे कोठवर गेले, तेही सांगितले पाहिजे. फ्रान्सने १९८२ मध्ये व ब्रिटनने १९८७ मध्ये लहान नौकांवर ह्या रंगास बंदी केली. २००१ साली आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या विद्यमाने एक करार झाला, व तो १७ सप्टेंबर २००८ पासून अमलात आला. त्यानंतर नॉर्वे व ब्रिटनच्या किनाऱ्यांवर माद्यांतील विकृती कमी होत गेल्याचे व रिकाम्या खडकांवर गोगलगाई परतल्याचे दिसून आले आहे. बंदराच्या तळाच्या चिखलात मात्र कथिलाचे हे संयुग दीर्घकाळ टिकते, आणि गाळ उपसताना ते पुन्हा पाण्यात मिसळते.

मासळी साफ करणाऱ्यास किंवा महाविद्यालयातील प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यास गाभोळीच्या मधोमध दुधाळ पांढरा पट्टा दिसलाच, तर ती ग्रंथी फेकून न देता दहा टक्के फॉर्मॅलिनच्या बाटलीत ठेवावी, आणि बाटलीवर माशाचे नाव, त्याची लांबी, तो उतरविला गेला ते बंदर व तारीख पेन्सिलीने लिहून चिठ्ठी आतच टाकावी. फॉर्मॅलिनमध्ये शाई फुटते.